अरुणेवरच्या माळ्याची वकील

सोमवार, ३ नोव्हेंबर

ज्याने गुन्हा केला आहे हे आपल्याला पक्कं माहीत आहे, त्याच्या बाजूने उभं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

मला माहीत नाही. परीक्षेत हा प्रश्न आला होता तेव्हा पुरवणी घेऊन उत्तर लिहिलं होतं, मार्कही चांगले पडले. पण काल उज्वलाताईंनी तोच प्रश्न जिन्यात उभं राहून विचारला, तेव्हा माझ्याकडे एक ओळसुद्धा नव्हती.

उज्वलाताई आमच्या लॉ कॉलेजच्या लायब्ररीत होत्या. आता गंगापूर रोडला त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत दर रविवारी रोल-प्लेइंग गेम चालतो. पत्ते नाहीत, पट नाही. टेबलाभोवती बसून सगळ्यांनी मिळून एक गोष्ट सांगायची आणि आपल्या पात्राच्या तोंडाने बोलायचं. पुढे काय होईल ते कोणालाच ठाऊक नसतं तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर आपल्या मनासारखं होतं. गोष्ट उज्वलाताई चालवतात.

गोष्टीत ‘अरुणा’ नावाचं यान आहे. रामकुंडापाशी गोदावरीला मिळते म्हणतात पण दिसत नाही, त्या नदीचं नाव ताईंनी दिलंय. यानाने पृथ्वी सोडून तीन पिढ्या झाल्या. त्याच्या पोटात एक बाग आहे, तिच्यावर सगळ्यांचा श्वास चालतो. बाग सांभाळणाऱ्या यंत्राला सगळे ‘माळी’ म्हणतात. एके दिवशी माळ्याने बागेचे दिवे बंद केले. हवा विरळ झाली, माणसं गुदमरली, थोडक्यात वाचली. आता खटला आहे. शिक्षा झाली तर माळ्याची सगळी आठवण पुसून टाकणार.

मी त्याची वकील. अमोल सरकारी वकील. तो ओझरला विमानांच्या कारखान्यात आहे, त्यामुळे यानाचा विषय निघाला की ‘आम्ही रोज करतो हे’ म्हणतो. पूजा कॅप्टन, आणि यानावर वेगळं कोर्ट नसल्याने तीच न्यायाधीश. एरवी ती दातांची डॉक्टर आहे. अमोल म्हणतो, दोन्हीकडे ती माणसाला बोलूच देत नाही.

“पात्राचं नाव?” ताईंनी विचारलं. मला काही सुचेना. म्हटलं, “ॲडव्होकेट साळूबाई.”

“अंतराळातसुद्धा साळूबाई?” अमोल म्हणाला.

“तीन पिढ्या झाल्यात ना? आजीचं नाव ठेवलंय.”

नंतर ताईंनी मला जिन्यात नेलं. हळूच म्हणाल्या, “दिवे माळ्यानेच बंद केले, हे खरं आहे. त्यात बदल होणार नाही. का केले, ते मात्र मी ठरवलेलं नाही. या टेबलावर कारण वकिलाने सांगायचं. तू सांगशील ते खरं होईल. आता सांग, तो दोषी आहे हे तुला माहीत आहे. काय करशील?”

बस मखमलाबादच्या पुढे आली तरी मी यानातच होते. खिडकीबाहेर द्राक्षबागा काळ्या पाण्यासारख्या मागे सरकत होत्या.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आईला सांगितलं, खेळात वकिलाला तिचं नाव दिलंय. ती झेंडू निवडत होती.

“माझं नाव?”

“हो.”

“अन् मी काय करते तिथं?”

“वकिली.”

आई पदर तोंडाला लावून हसली. “आकाशात वकिली! खाली कोणी उभं करीना म्हणून गेली असंल वर.” मग थोड्या वेळाने, “कोणाची केस हाय?”

“एक माळी आहे. म्हणजे यंत्र आहे गं, माणूस नाही. खेळ आहे हा.”

“खेळ हाय ते कळलं मला. पण धरून ठेवलाय ना त्याला?”

माझे वडील, नाना, आत जेवत होते. तिथूनच म्हणाले, “वकील झाल्यावर पोरं खेळ सोडत्यात, आमची आता धरायलीय.” पण नाही म्हणाले नाहीत. माझी वकिलीची सनद यायची आहे, तोवर सोमवार ते शनिवार सीबीएस स्टँडजवळ एका वकिलांच्या ऑफिसात बसते. खेळाला परवानगी देतानाच नानांनी सांगितलंय, घरचं काम एक दिवस जरी अडलं तरी रविवार बंद.

आमच्या घरात मी पहिली ग्रॅज्युएट. नाना चारचौघांत माझा विषय काढत नाहीत. पण कोणी काढला तर टोपी नीट करतात.

सोमवार, १० नोव्हेंबर

माळ्याला कारण द्यायचं आहे आणि ते खोटं नको. मी जे सांगीन ते खरं होणार, म्हणूनच जास्त भीती वाटते.

विचार करायला ओट्यावर बसले. समोर शेवंतीचा प्लॉट. वाफ्यांवर तारा ओढून बल्ब टांगलेत. दिवस लहान झाला की शेवंती कळीवर येते. तसं होऊ नये म्हणून अंधार पडल्यावरही दहापर्यंत दिवे ठेवायचे. तिला वाटतं दिवस मोठाच आहे, ती नुसती वाढत राहते. काडी पुरेशी लांब झाली की दिवे बंद, मग कळ्या. नानांना ऐन लग्नसराईत फूल आणायचंय.

दिवे लावणं-घालवणं झिपरूकाकांकडे. ते आणि त्यांची बायको भिमामावशी पेठ तालुक्याकडचे. मी चौथीत होते तेव्हापासून आमच्या विहिरीजवळच्या खोलीत राहतात. मला सायकल झिपरूकाकांनी शिकवली.

इतके दिवे बघून वाटतं आकाशच खाली उतरून ओळीत बसलंय. पण खरं आकाश दिसत नाही. वर नुसता राखाडी उजेड. आई तांब्या घ्यायला बाहेर आली तेव्हा मी म्हटलंसुद्धा, “यानात बसलीये असं मनात आणावं, तर या दिव्यांपायी एक चांदणी दिसत नाही.”

“पाणी ठिवलंय आत,” आई म्हणाली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज काय झालं! जेवणं झाली, मी ओट्यावर आले, आणि एकदम सगळे बल्ब गेले. घरातला टीव्ही चालू होता, म्हणजे शेतातली विजेची फेज गेली असणार.

आणि वरून सगळं आकाश आलं. सावकाश आलं. आधी मोठ्या चांदण्या, मग त्यांच्यामागच्या, मग मागच्यांच्याही मागच्या. पूर्वेला कृत्तिकांचा झुबका होता, लहानपणी मी त्याला विसरलेला गजरा म्हणायचे. जमीन पायाखालून सुटल्यासारखी झाली. ओटा, गोठा, विहीर, आम्ही सगळे अलगद कुठेतरी निघालो होतो.

आई शेजारी येऊन बसली.  बराच वेळ बसली होती.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

हल्ली रोजच फेज जाते, साधारण माझं जेवण झालं की. वीजवाल्यांना पहिल्यांदाच धन्यवाद द्यावेसे वाटले.

अरुणेवर रात्र कशी असेल? तिथे बाहेर कायमच रात्र, म्हणून आत कायमच दिवे. त्या लोकांनी आपलं आकाश कधी पाहिलंच नसेल. मी डोळे मिटते, आणि उघडले तरी तेच दिसतं.

विहिरीजवळ आई आणि झिपरूकाका काहीतरी बोलत उभे होते. झिपरूकाका मान हलवत होते. मी हाक मारली तर आई म्हणाली, “काय नाय, बस तू.” तिने आज शाल आणून दिली. म्हणाली, “तुझा माळी सुटला का?”

“अजून नाही.”

“लवकर सोडव बाई. जीव लागून राहिलाय.”

रविवार, २३ नोव्हेंबर

आज माळ्याची साक्ष झाली. ताई त्याचा आवाज काढतात तेव्हा चेहरा अगदी कोरा करतात.

अमोल: “बागेचे दिवे कोणी बंद केले?”

माळी: “मी.”

“कशासाठी?”

“माझ्या वकिलांना विचारा.”

सगळे हसले. मी उठले आणि सांगितलं, काही झाडांना फुलायला अंधार लागतो, आमच्या शेवंतीचंच बघा. खूप छान बोलले असं मला वाटलं. अमोल म्हणाला, “न्यायाधीश महाराज, यानावर शेवंती नाही. टाक्यांत शेवाळं आहे. ते फुलत नाही. बचाव पक्षाच्या वकील घरचा माल इथे खपवतायत.”

फासा टाकला. तीन.

पूजा म्हणाली, “कारण अमान्य. सात तारखेला शेवटचं भाषण.”

ताई जाताना म्हणाल्या, “भाग्यश्री, तू झाडांकडून शोधतेयस. माळ्याकडून शोध.”

गुरुवार, ४ डिसेंबर

सकाळी नाना रानातून आले ते हातात शेवंतीची दोन रोपं घेऊन. मुळासकट उपटलेली. ओट्यावर ठेवली.

“काडी वीतभर, अन् वर कळी! सगळा प्लॉट कळीवर आलाय. लग्नाच्या टायमाला काय, काड्या विकू?”

वीतभर काडीचं फूल गुच्छात जात नाही. सुटं विकावं तर आता बाजारात शेवंतीच शेवंती. पूर्ण प्लॉट गेला.

“दिवे लागले नाय, दुसरं काय,” नाना म्हणाले, आणि विहिरीकडे गेले.

आईचा मार्गशीर्षातला गुरुवार होता. पूजा मांडलेली. संध्याकाळी तिने उपास सोडलाच नाही. विचारलं तर म्हणाली, तोंडाला चव नाय.

शुक्रवार, ५ डिसेंबर

आज जे झालं ते लिहायलाच हवं.

आमच्या आळीतले सगळे सकाळी पारापाशी फुलांचे क्रेट आणतात, तिथून काळूची पिकअप बाजारात जाते. वीस-पंचवीस माणसं असतात. तिथे, सगळ्यांसमोर, नाना झिपरूकाकांना म्हणाले, “दिवे लावायचं तेवढं काम. तेबी झालं नाय. पिऊन पडत असशील संध्याकाळचा.”

झिपरूकाकांच्या गळ्यात माळ आहे. मला आठवतं तेव्हापासून आहे. त्यांनी माळेला हात लावला. एकदाच आमच्या घराच्या दिशेने पाहिलं. बोलले काहीच नाहीत.

मी नानांना म्हटलं, “पुरावा काय तुमच्याकडे?”

“पुरावा रानात उभा हाय.”

“संध्याकाळी फेज जायची. मी स्वतः पाहिलंय, रोज.”

“फेज गेली असती तर मोटार नसती का बंद पडली? मी त्याच टायमाला खालच्या रानात पाणी धरत व्हतो. तिथनं हे दिवे दिसत नाय, पण मोटार चालूच व्हती.”

 घरी येऊन आईला म्हटलं, तू तरी सांग नानांना, झिपरूकाका पीत नाहीत. आई चुलीत फुंकर घालत राहिली. चूल पेटलेलीच होती.

मी ऑफिसला गेले नाही. दुपारच्या पेठ गाडीने दोघं गेले. भिमामावशीच्या डोक्यावर बोचकं, हातात पाटी, पाटीखाली कोंबड्या. आईने वाटेत खायला भाकऱ्या बांधून दिल्या. मावशीने घेतल्या, पण आईकडे बघितलं नाही.

झिपरूकाकांनी दिवे बंद ठेवले, असं रान म्हणतं. माझं मन नाही म्हणतं. मन हा पुरावा नव्हे.

शनिवार, ६ डिसेंबर

आता दिवे लावायचं कारणच उरलं नाही. रोज सगळ्या चांदण्या दिसतात. मी ओट्यावर गेले नाही.

रविवार, ७ डिसेंबर

जसं झालं तसं लिहून ठेवते.

जायचं मन नव्हतं, आईनेच लावून दिलं. “तारीख हाय ना तुझ्या माळ्याची? मग जा.”

भाषणाची काहीच तयारी नव्हती. पूजाने टेबलावर चमचा आपटला: “बचाव पक्ष.” मी उभी राहिले. गच्चीवरून लांब गंगापूरच्या बाजूचे डोंगर दिसत होते. ऊन उतरलं होतं. मी बोलायला लागले आणि बोलता बोलता समोर दिसायला लागलं.

म्हटलं, “माळ्याने दिवे बंद केले हे आम्ही नाकारत नाही. या यानावर एक मुलगी आहे. ती इथेच जन्मली. तिने आकाश पाहिलेलं नाही, कारण बागेचा उजेड काचेवर पडतो आणि काचेत पुन्हा बागच दिसते. ती एकदा सहज म्हणाली, या दिव्यांपायी मला चांदण्या दिसत नाहीत. कोणाला मागितलं नाही, नुसतं म्हणाली. मग एक दिवस दिवे गेले. तिला वाटलं, वीज गेली. ती वर बघत बसली. माळी येऊन तिच्या शेजारी बसला. तो वर बघत नव्हता. तो तिच्याकडे…”

इथे मी थांबले.

  ताईंनी फासा माझ्यापुढे सरकवला. “सुंदर. टाक.”

माझा हात फाशापर्यंत गेला नाही. मला आमचा ओटा दिसत होता. शाल दिसत होती. विहिरीजवळ मान हलवणारे झिपरूकाका दिसत होते. पेटलेल्या चुलीत फुंकर.

“मला पुढची तारीख द्या,” मी म्हटलं.

“आली बघा खरी वकिली अंगात!” अमोल म्हणाला. “तारीख मागतेय.”

मी हसले नाही, तेव्हा तोही गप्प झाला. पूजाने तारीख दिली. ताई जिन्यापर्यंत आल्या, काय झालं म्हणाल्या. म्हटलं, कारण सापडलं.

सोमवार, ८ डिसेंबर

ऑफिसला दांडी मारली. दुपारी नाना बाजारात होते. आई हार ओवत होती.

“आई, दिवे तू घालवायचीस ना?”

सुई थांबली नाही. दोन फुलं आणखी ओवली तिने.

“तुला चांदण्या दिसत नव्हत्या ना.”

 तीच पुढे म्हणाली, “एकच दिवस घालवायचे व्हते. पण तू इतकी गप बसायचीस गं. ल्हानपणी बसायचीस तशी. अभ्यास नाय, फोन नाय. मला वाटलं, वर्षभर उरापोटी पळती पोर, बसू दे. झिपरू म्हणला, वैनी, शेवंतीला चालायचं नाय. मी म्हणलं, दोन-चार दिवसानं काय व्हतंय. मग ते व्हतच गेलं.”

“झिपरूकाकांना माहीत होतं?”

“त्यालाच तर म्हणायची मी, राहू दे, नको लावू परत.”

“आणि तरी ते पारावर काही बोलले नाहीत. तूही नाहीस.”

आता सुई थांबली. “सांगणार व्हते. गुरुवारीच सांगणार व्हते, पोथी वाचून झाल्यावर. पण तुझे नाना म्हणले असते, पोरीच्या खेळापायी पीक गेलं. मग रविवार बंद. अन् पोरीचा रविवार बंद झाला ना, की सोमवारबी बंद व्हायला टाइम लागत नाय. मला ठावं हाय ते. माझी शाळा अशीच गेली, एक-एक वार करून.”

तिने हाराला गाठ मारली. “मला काय म्हाईत, ते दारूचं नाव काढतील. त्यांनी ते म्हणलं अन् माझी जीभच उचलंना. तशीच राहिली मग.”

“आता काय करायचं?” मी विचारलं.

“तू वकील. तू सांग.”

मला एक फासा हवासा वाटला. खरंच. वीस बाजूंचा, जड, दुसऱ्याच्या हातातला. सांगितलं तर कदाचित माझी सनद कपाटात राहील. नाही सांगितलं तर एक माळकरी माणूस आयुष्यभर या गावात दारुडा. यात तोलायचं काय आहे, असं पुस्तकात वाचताना वाटलं असतं. आज मी संध्याकाळपर्यंत तोललं. याची लाज वाटते, पण तेही लिहून ठेवते.

बुधवार, १० डिसेंबर

रात्रीच्या भाकरीआधी आई म्हणाली, “मी सांगते त्यांना. तू काय बोलू नको. नुसती शेजारी उभी राहा.”

मी उभी राहिले. आईने पदर कमरेला खोचला होता, निंदायला निघाल्यासारखा. तिने सगळं सांगितलं, एका दमात. चांदण्यांचं सांगताना अडखळली, तेवढंच. मी काहीच केलं नाही. माझा खांदा तिच्या खांद्याला लागलेला होता आणि तिचा थरथरत होता. पण बोलणं नाही थरथरलं.

नाना खाली बघत होते. मला वाटलं आता पिकाचं बोलतील, रविवारचं बोलतील. ते म्हणाले, “म्हणजे मी माळकऱ्याला दारुडा म्हणलो.”

मग टोपी काढून मांडीवर ठेवली. “भागे, फोन लाव त्याला.”

गुरुवार, ११ डिसेंबर

काल फोन लागला नाही, आज लागला. झिपरूकाका सुरगाण्याकडे स्ट्रॉबेरीच्या कामावर आहेत. नाना फोनवर बोलले. इतकं हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. माफी मागितली. मग फोन माझ्याकडे आला.

“वैनीनं सांगितलं व्हय? बरं झालं,” झिपरूकाका म्हणाले. “मी नव्हतो सांगणार. तुमच्या घरातलं तुम्ही बघा.”

“या ना काका परत.”

“येईन गं. पण असं फोनवर नाय. नाना फोनवर बोलले व्हते का? पारावर बोलले व्हते. जिथं माळेवर बोट ठिवलं तिथंच उचला म्हणावं.”

नानांना सांगितलं. ते उठून येरझाऱ्या घालायला लागले. “पारावर काय सांगू? बायकोनं पोरीला चांदण्या दाखवायला पीक घालवलं? गाव वर्षभर हसंल. हिला पाण्याला जाता यायचं नाय. भिमाजी तर नाव पाडून मोकळा होईल.”

भिमाजी म्हणजे आमच्या आळीचं वर्तमानपत्र.

हे मात्र खरं होतं. झिपरूकाकांचं नाव धुवायचं तर आईचं नाव पारावर न्यावं लागणार. नुसतं ‘चुकलं’ म्हटलं तर लोक म्हणणार, कामाला माणूस मिळेना म्हणून गोड बोलतायत.

भांडी घासताना आईला विचारलं, “तुझं नाव घेऊ का मी? सगळ्यांसमोर?”

“घे की. खेळात घेतलंस तेव्हा विचारलं व्हतंस का?”

शनिवार, १३ डिसेंबर

आज पहाटेचं धुकं ओसरायच्या आत पारावर गेले. नाना मागून झेंडूचे क्रेट घेऊन येत होते. मी त्यांना आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांना नाही म्हणावं लागलं असतं.

काळूची पिकअप उभी होती. माणसं क्रेट चढवत होती, धुक्यात अर्धी अर्धी दिसत होती. अरुणेवरची माणसं मला अशीच दिसतात.

मी म्हटलं, “जरा ऐका. मला दोन मिनिटं बोलायचंय.”

“निवडणूक लागली का गं?” कोणीतरी म्हणालं.

“झिपरूकाकांबद्दल बोलायचंय. मागच्या शुक्रवारी इथे त्यांना जे म्हटलं गेलं ते खरं नाही. त्यांनी थेंब घेतला नव्हता. दिवे ते रोज लावायचे. आमच्या घरातून ते बंद व्हायचे. आई बंद करायची, माझ्यासाठी. मी म्हटलं होतं, दिव्यांमुळे चांदण्या दिसत नाहीत. झिपरूकाकांनी तिला सांगितलं होतं पीक जाईल म्हणून. तरी पारावर त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. चूक आमच्या घरची आहे.”

आवाज कापत होता. कोर्टात असा कापला तर चालणार नाही.

 भिमाजीने क्रेटवरून मान वर केली. “काय वकीलीणबाई, मोजून झाल्या का मग चांदण्या?”

हसणं पसरलं.  मी म्हटलं, “नाही भिमाजीकाका. अजून बऱ्याच राहिल्यात.”

मग धुक्यातून क्रेट खाली ठेवल्याचा आवाज आला. नाना पुढे आले. “पोरगी खरं बोलती. मी झिपरूला पिणारा म्हणलो. तो पिणारा नाय. माझं चुकलं.”

हसणं थांबलं. भिमाजीने क्रेटवरचं ओलं गोणपाट उगाच नीट केलं. काळूने हॉर्न दिला, “अरे भरा, भरा, बाजार सुटंल!” आणि सगळे पुन्हा कामाला लागले.

घरी येऊन झिपरूकाकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “भिमाजी व्हता का तिथं?”

“होते ना.”

“मग झालं. दुपारपतूर पेठला पोचल.” बऱ्याच दिवसांनी हसले. “ही स्ट्रॉबेरी उरकू दे. तुझी मावशी म्हणती, कोंबड्यांना इथलं मानवत नाय.”

आईला लोक खरंच हसले. हापशावर कोणीतरी तिला ‘चांदणीबाई’ म्हणालं. ती घरी येऊन सांगत होती आणि सांगताना स्वतःच पदर तोंडाला लावत होती. डोळे मात्र लाल होते. तेही मी पाहिलं. रविवारचं नाना काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

उज्वलाताईंना सकाळीच कळवलं, उद्या फासा टाकणार नाही. माळी गुन्हा कबूल करेल, तो स्वतः बोलेल. ॲडव्होकेट साळूबाई त्याच्या शेजारी उभ्या राहतील. पूजाला द्यायची ती शिक्षा देऊ दे. ताईंनी विचारलं, वकील काहीच नाही का करणार? मी लिहिलं, उभी राहणार ना.

संध्याकाळी आई आणि मी ओट्यावर बसलो होतो. समोर सगळा अंधार, शेवंतीचा प्लॉट आखूड काड्यांवर नको तेव्हा फुललेला. फुलं दिसत नव्हती, वास येत होता. वर पाहिलं. आईने या वेळी वर पाहिलं. “तो झुबका कशाचा गं?” म्हणाली. मी सांगितलं.

मग उठून विहिरीकडे गेले. झिपरूकाकांच्या खोलीचं कुलूप काढलं, झाडून घेतलं, माठ धुऊन भरून ठेवला. दार उघडंच ठेवून, आत बल्ब लावून आले.